दिव्याखालचा अंधार

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण बहुधा टोमणा मारण्यासाठी वापरतो. मास्तरांचा मुलगा नापास झाला, वकीलसाहेबांच्या घरातच भाऊबंदकी निघाली, वैद्यबुवांचा स्वतःचाच खोकला हटेना, की कोणीतरी ही म्हण हळूच पुढे सरकवतो आणि बाकीचे गालातल्या गालात हसतात. पण म्हण मुळात खोडसाळ नाही. समई लावून पाहावी. उजेड साऱ्या खोलीभर पडतो आणि बुडाशी तेवढी काळोखाची चकती राहते. आपण उजेडात बसलेले असतो, म्हणून तिकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. तेल किती उरले आहे हे आपण दिवा फडफडू लागल्यावरच बघतो.

यंदाच्या दिवाळीला मला अशाच एका काळोखाविषयी लिहायचे आहे. डॉक्टर, परिचारिका, सुईण, औषधे देणारा, वॉर्डातला सेवक, गावातली आशाताई ही सारी माणसे दुसऱ्याच्या दुखण्याशी रोजची झुंजतात. त्यांच्या जिवाला काय होते? अलीकडे या प्रश्नाला ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. त्यांची शिबिरे भरतात, पाहुणे येतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, हसतमुख राहायला सांगतात, आणि चहापोहे होऊन शिबिरार्थी आपापल्या कामावर परत जातात. श्वासाला माझा विरोध नाही. मी धंद्याने मास्तर आणि हौसेने कादंबरीकार. मला नाडी बघता येत नाही. पण जुन्या गोष्टी धुंडाळायची सवय आहे, आणि त्या सवयीने मला जे दिसले ते असे, की हे दुखणे जुने आहे आणि त्याचा उताराही आमच्या घरापासून फार दूर सापडलेला नाही.

आमचे मांजरसुंबा चौरस्त्यावरचे गाव. धुळे-सोलापूरचा महामार्ग घाट चढून इथून जातो. पश्चिमेची वाट पाटोद्यावरून जामखेडला आणि पुढे नगरला. पूर्वेची नेकनूर, केज करीत अंबाजोगाईला. या वाटांच्या टोकांना जी गावे आहेत त्यांच्याच आधाराने मी ही हकीकत सांगणार आहे. मात्र आरंभ त्याहून पुष्कळ मागे जाऊन करायला हवा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाला चार-चार गुण लावून दिले आहेत. परिचारकाला उपचाराचे ज्ञान हवे, दक्षता हवी, रोग्याविषयी प्रेम हवे आणि तो शुचिर्भूत हवा. म्हणजे शुश्रूषा करणारा हा वैद्याचा हरकाम्या नव्हे. खाटेच्या चार खुरांपैकी तो एक खूर आहे, आणि तो मोडला तर खाट कलंडते. हे आपल्याकडे किती शतकांपूर्वी लिहिले गेले!

त्याच ठिकाणी वैद्याने मन कसे ठेवावे तेही सांगितले आहे. रोग्याशी मैत्री असावी, त्याच्याविषयी करुणा असावी, जो बरा होण्याजोगा आहे त्याच्या ठायी जीव लावावा, आणि जो मरणाच्या वाटेला लागला त्याच्या बाबतीत ‘उपेक्षा’ असावी. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पण इथला अर्थ वेगळा. जे आपल्या हातचे उरले नाही त्याला मनाने चिकटून बसू नये, समभावाने दूर उभे राहावे, असा तो जुना अर्थ आहे. पहिल्या तीन वृत्ती रोग्यासाठी आणि ही चौथी वैद्याच्या स्वतःच्या जिवासाठी. रोज मरण पाहणाऱ्याने प्रत्येक मरणाबरोबर थोडे मरायचे ठरवले, तर पाचव्या रोग्याच्या उशाशी बसायला तो उरणार नाही, ही गोष्ट त्या ग्रंथकाराला पुरती ठाऊक होती. मला वाटते, ताण कसा सोसावा यावर इतके थोडक्यात आणि इतके खरे फार थोड्यांनी सांगितले असेल.

मात्र या चार वृत्ती एका वैद्याच्या मनापुरत्या आहेत. दारात चारशे रोगी उभे असले, औषध नसले आणि बाहेर लोक दगड घेऊन जमले, म्हणजे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा. तो प्रश्न आपल्या मुलखात उभा राहिला १८९६ साली.

त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठी येऊन माणसे तापाने मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखले आणि उघडपणे सांगितले. पुढे सरकारी यंत्रणा हलली ती फार कठोरपणे. माणसे घरांतून ओढून काढली जात, सामान जाळले जाई, आजाऱ्याला इस्पितळात नेले की तो परत येत नाही अशी वदंता घरोघर पोचली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. लोकांचे भय समजण्यासारखे होते. पण जरा आतल्या बाजूने पाहावे: आत खाटांवर प्लेगचे रोगी, बाहेर संतापलेले लोक, आणि मध्ये पगारासाठी म्हणा की धर्मासाठी म्हणा, उभी राहिलेली मूठभर माणसे. त्यांना दोन्हीकडून मरणाचे भय होते.

याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचे हे ज्यू शास्त्रज्ञ. पटकीची लस त्यांनी आधीच हिंदुस्थानात टोचून पाहिली होती. आता त्यांना प्लेगची लस करायची होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती जेमतेम, आणि मदतीला मिळाले एक कारकून व तीन शिपाई! एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिने रात्रीचा दिवस केला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच तीन महिन्यांत काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या एका मदतनिसाचे मन पार कोसळले आणि दोघे काम सोडून गेले. प्लेगच्या जंतूंच्या संगतीत, धडपणे झोप न घेता, बाहेर शहर मरत असताना काम करायचे, हे त्यांना झेपले नाही. ते भित्रे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. हाफकिन हे लोखंडाचे बनले होते, आणि लोखंडाच्या मापाने बाकीच्यांनाही मोजले गेले.

आणि लोखंडही गंजतेच. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना एकाच कुपीतली लस दिली होती. ठपका आला हाफकिनवर. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि ते इंग्लंडला गेले. कुपी उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे निघाले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा कुठे १९०७ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण नेमणूक झाली कलकत्त्यास. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेचा पाया त्यांनी घातला ती त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, ते आजही आहे. लाखो लोकांना लस टोचणाऱ्या माणसाने आपली उमेदीची पाच वर्षे अपराधी म्हणून काढली. एक चिमटा खाली पडतो; त्यामागे थकलेला हात असतो की निष्काळजी, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

प्लेग मुंबईहून पुण्यात आला. जोतीराव फुले १८९० सालीच गेले होते. सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या मुलाला, यशवंतरावांना, बोलावून घेतले आणि गावाबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडवला. साठी उलटलेल्या या बाई स्वतः रोग्यांची ने-आण करीत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या पांडुरंग नावाच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि त्यात त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०५ साली यशवंतरावांनाही प्लेगनेच नेले.

मी वर्गात हा धडा शिकवतो तेव्हा मुले स्तब्ध होतात. तसे व्हायलाच हवे. पण मनात येते, की हा धडा आपण अर्धाच शिकवतो. सावित्रीबाईंचा त्याग आपण सांगतो. त्या मुलाला उचलायला त्या माळावर आणखी चार हात का नव्हते, ही डोली कोणी पुरवायची होती, हे विचारत नाही. त्यागाला नमस्कार केला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. नमस्काराला पैसे पडत नाहीत. डोलीला पडतात.

आता आमच्या चौरस्त्यावरून दक्षिणेची वाट धरू. तुळजापूर ओलांडून सोलापूर लागते. तिथे १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात १९३८ साली तेही निघाले. पथकाचे प्रमुख डॉक्टर अटल, आणि सोबत नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. बाकीचे पुढे परतले. कोटणीस परतले नाहीत. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. हातचे काम टाकून ते आले नाहीत.

१९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. ज्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले ते नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरांच्या नावाचे. आणि बेथ्यून कसे गेले होते? शस्त्रक्रिया करताना बोट कापले, हातमोजे नव्हते, जखम चिघळून रक्तात विष भिनले. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. कोटणीसांनी तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले, ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. पण अतिश्रमाने शरीर पोखरले होते, फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, चीनने त्यांचे पुतळे उभारले, सोलापुरात त्यांचे स्मारक झाले. हे सर्व योग्यच झाले.

लढाईत रात्र-दिवस नसतो. तिथे ७२ तासांचा हिशेब विचारणारा मूर्ख ठरेल. पण युद्धातला हा नियम आपण शांततेच्या काळात तसाच चालू ठेवला आणि त्याला ‘सेवाभाव’ असे सुंदर नाव दिले, ही खरी गोम आहे.

पूर्वेच्या वाटेवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७४ साली खेड्यांच्या मुलखात असे महाविद्यालय निघाले याचे साऱ्या मराठवाड्याला अप्रूप होते. आमच्याकडून रात्री-अपरात्री अवघड बाळंतिणीला घेऊन गाडी निघते ती पुष्कळदा त्याच दिशेला. अशा प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रात्री जागा असतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे शिकता शिकता काम करणारा पंचविशीचा मुलगा किंवा मुलगी. केंद्र सरकारने १९९२ साली या मुलांसाठी निर्देश काढले होते, की सलग बारा तासांहून अधिक काम नसावे आणि आठवड्याला एक सुटी असावी. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने या विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करून पुन्हा शिफारस केली, की आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक दिवस सुटी हवी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी. जे कागदावर आहे ते प्रत्यक्षात असते, तर तीच शिफारस पुन्हा करायची वेळ कोणावर आली नसती. ज्याला तीन रात्री झोप नाही त्याला मनःशांतीवर व्याख्यान देणे म्हणजे उपाशी माणसाला पाकशास्त्राचे पुस्तक भेट देण्यासारखे आहे.

महामार्गाच्या उत्तर टोकाला धुळे आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयात मार्च २०१७ मध्ये रुग्णाच्या नातेवाइकांनी एका तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. मग राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. आर्थर रोडच्या प्रसंगानंतर सव्वाशे वर्षे होत आली होती, आणि जमाव अजून इस्पितळाच्याच दारात होता.

या बाबतीत कायद्याचा इतिहास मोठा बोलका आहे. प्लेगच्या धामधुमीत १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे काम करणाऱ्यांवर कोर्टात दावा लावता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. कागदाच्या माऱ्यापासून त्यांना संरक्षण मिळाले, दगडाच्या माऱ्यापासून मिळाले नाही. महाराष्ट्राने २०१० साली डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालये यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तरी धुळ्याची घटना व्हायची ती झालीच. करोनाच्या साथीत, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्राने वटहुकूम काढून १८९७ च्या त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. साथीच्या कामातल्या आरोग्यसेवकावर हल्ला केल्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गंभीर इजा केल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. एका कायद्याला आपल्याच माणसांची आठवण यायला १२३ वर्षे लागली. कायदा हवाच. पण ज्याला रोज कामावर जाताना कायद्याचा आधार आठवावा लागतो त्याचे मन स्वस्थ कसे राहील?

आता राहिली पश्चिमेची वाट. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. पाटोदा, सौताडा करीत गेले की जामखेड लागते. हा तालुका नगर जिल्ह्यातला, पण पाऊस, कुसळे आणि भाकरी आमच्यासारखीच. इथे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आले. दोघे वेल्लोरचे शिकलेले. त्याआधी वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या ध्यानात आले होते, की ज्यांना बरे करून पाठवावे तेच लोक त्याच दुखण्याने परत येतात. रोगाचे मूळ घरात, पाण्यात आणि उपासमारीत आहे. म्हणून इस्पितळाबाहेर पडून गावातच काम उभारायचे ठरले.

पहिला प्रयोग त्यांनी शिकलेल्या परिचारिकांवर केला. एकेका गावात एकेक परिचारिका ठेवून पाहिली. तो साधला नाही. परक्या गावात एकटी तरुण मुलगी. रात्री दाराला कडी लावून जागी राहायची. गावाचा तिच्यावर विश्वास नाही आणि तिचा गावावर नाही. या मुली शिकलेल्या होत्या, धडधाकट होत्या, तरी त्या गावात टिकेनात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ‘आजकालच्या मुलींना कष्ट नकोत.’ आरोळ्यांनी व्यवस्थेतच चूक शोधली. एकटेपण हे कामाच्या ओझ्याहून जड असते हे त्यांनी ओळखले.

मग गावातल्याच बाया निवडल्या गेल्या. पुष्कळशा प्रौढ, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना घरातही कोणी दोन शब्द विचारत नव्हते, त्यांनी गावाला आरोग्य शिकवायचे! शिक्षणाला आरंभ औषधांच्या नावांपासून झाला नाही. ‘मी कोणीतरी आहे’ इथपासून झाला. मेबलबाईंचा भर त्यावरच होता. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी या साऱ्याजणी जामखेडला जमत, तिथेच मुक्काम करीत. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकत्र झोपत. प्रत्येकीने आठवडाभर काय घडले ते सांगायचे: कोणते बाळंतपण सुखरूप झाले, कोणते मूल हातचे गेले, कोणत्या सासूने दारातून हाकलले. एकीचा अनुभव दुसरीचा धडा होई. रडूही तिथेच यायचे, हसूही तिथेच. गावात परतल्यावरही ती एकटी नसे. परिचारिका आणि डॉक्टर यांचे फिरते पथक ठरल्याप्रमाणे तिच्या मागे येऊन उभे राही.

ज्याला आज ‘व्यक्तिमत्त्व विकास आणि ताणतणावाचे व्यवस्थापन’ म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे ते कामाला लावलेले ठिगळ नव्हते, कामाच्या विणीतच होते. आणि फळ काय मिळाले? १९७१ साली त्या टापूत जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा विशीच्या आसपास उतरला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्या बाया मोठ्या वाटतात. मुलांचे मरण पाहण्याचा भार त्यांनीही सोसला, आणि तो दर आठवड्याला वाटून घेतला, म्हणून वर्षानुवर्षे सोसू शकल्या.

याच जामखेडच्या वाटेवरून पुढे देशभर एक कल्पना गेली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावातलीच बाई गावाची ‘आशा’ झाली. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा हिचे काम पाहावे. कोणती गरोदर बाई कोयत्याबरोबर चालली, कोणत्या लेकराचा डोस राहिला, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर आहेत, याची वही घेऊन ती गाड्यांच्या मागे पळत असते. बाई गेली कारखान्यावर, वहीतला रकाना राहिला हिच्या माथी.

करोनाच्या साथीत याच बाया दारोदार हिंडल्या. शाळा पुन्हा उघडल्यावर मी मुलांना ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीची आई हे काम करते. तिने लिहिले होते, की आई घरी आली की मी लांबूनच बघायची, आई आधी अंगणात अंघोळ करायची, आणि जेवताना कोणाशीच बोलायची नाही. व्याकरणाच्या चुका होत्या. मी त्या वहीवर लाल शाई वापरली नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरवाच्या आधी आणि नंतरही, २०२१ आणि २०२३ साली, महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. जामखेडची कल्पना आपण उचलली, पण उचलताना बाई घेतली, वही घेतली, आणि तो आठवड्याचा मुक्काम, ते एकत्र जेवण, ते मन मोकळे करणे तिथेच विसरून आलो. आता महिन्याची बैठक असते, तीत आकडे विचारले जातात. ‘किती झाले?’ हा प्रश्न असतो. ‘तुझे कसे चालले आहे?’ हा नसतो.

चरकाने वैद्याच्या मनाला ढाल दिली. हाफकिनच्या कोसळलेल्या मदतनिसाने आणि कोटणीसांच्या ७२ तासांनी दाखवले, की ढाल कितीही पक्की असली तरी ती धरणारा हात थकतो. जामखेडने दुसरा हात शेजारी आणून उभा केला. एवढाच या हकीकतीचा सार आहे. शुश्रूषा करणाऱ्याला धीर धरायला शिकवावे, अवश्य शिकवावे. पण त्याआधी त्याला झोप द्यावी, जोडीदार द्यावा, वेळेवर पैसा द्यावा आणि आठवड्यातून एकदा त्याचे ऐकून घ्यावे.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका एकदा अमेरिकेत वॉशिंग्टनला एका सभेत बोलायला गेल्या होत्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे लखलखत होती. बाईंनी ती झुंबरे दाखवून सांगितले, की डॉक्टर हे असे असतात. सुंदर, पण महाग, आणि पाहायला दूरवर यावे लागणारे. मग पिशवीतून वातीचे दोन छोटे दिवे काढले. एक लावला आणि त्यावरून दुसरा लावून दाखवला. आम्ही अशा, असे त्यांचे म्हणणे होते: साध्या, स्वस्त, पण एकीवरून दुसरी पेटवता येणाऱ्या. झुंबराला ते साधत नाही.

त्या सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. मला मात्र ही गोष्ट सांगताना नेहमी वाटते, की एका दिव्यावरून दुसरा लागतो हे खरे असले तरी तेल प्रत्येकात वेगळे घालावे लागते. ते घालणारे आपण. यंदा भाऊबीजेच्या ताटात एक करंजी जास्त ठेवा. तुमच्या गावच्या उपकेंद्रात, दवाखान्यात सणाच्या दिवशीही कोणीतरी कामावर असेल. फराळ घेऊन जा, आणि फराळ देऊन लगेच परत फिरू नका. क्षणभर बसा आणि विचारा, ‘ताई, तुमचे कसे चालले आहे?’ मग उत्तर ऐका. गर्दी असली, रांग लांबली, औषध संपले असले, तर आवाज चढवण्याआधी समोरच्या माणसाची ही कितवी पाळी आहे ते एकदा विचारून घ्या. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा प्रश्न मांडाल तेव्हा आशाताईच्या थकलेल्या मोबदल्याचा प्रश्नही मांडा. यातले एकही काम अवघड नाही आणि एकालाही शिबिर लागत नाही.

ही दीपावली आपणां सर्वांना आरोग्याची जावो, आणि आपले आरोग्य राखणाऱ्यांनाही.